टाच बरी होते आणि पुन्हा दुखते : चार वेळा परत आलेल्या दुखण्याचा माग

पहाटे साडेपाचला गजर होतो, मी पलंगावरून पाय खाली ठेवते आणि टाचेत कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं होतं. भिंतीला हात लावत, लंगडत मोरीपर्यंत जायचं. चहा उकळेपर्यंत पाय जरा मोकळा होतो, डब्याच्या पोळ्या लाटून होईपर्यंत दुखण्याचा विसरही पडतो. डोंबिवली ते दादर गाडीत उभं राहिलं तरी फारसं काही वाटत नाही. मग तिसरा तास संपवून स्टाफरूममध्ये दहा मिनिटं टेकले की उठताना पुन्हा तेच दाभण, त्याच जागी. टाचेच्या खाली, आतल्या बाजूला, बोटाने अचूक दाखवता येईल अशी जागा.

हे वर्णन तुमच्याशी जुळत असेल तर बहुधा तुमचं दुखणंही प्लांटार फॅसायटिसच आहे, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्टीचं दुखणं. ते मला चार वेळा झालं. खरं तर एकदाच झालं आणि तीनदा परत आलं. ते का परत येतं हे शोधायला मला जवळपास तीन वर्षं लागली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. जे करून पाहिलं आणि जे समजून घेतलं तेवढंच इथे आहे.

आधी काय काय केलं

पहिल्यांदा दुखलं तेव्हा सासूबाईंनी वीट तापवली. तव्यावर विटेचा तुकडा गरम करायचा, त्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच दाबायची. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण ते तासाभरापुरतं. सकाळचं पहिलं पाऊल तसंच. (घरात कुणाला मधुमेह असेल तर विटेच्या वाटेला जाऊ नका. तळव्याला चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिनोन् महिने चिघळते. रुईचा चीकही डोळ्यात जाऊ देऊ नका.)

मग प्रत्येकाचं निदान. स्टाफरूममधल्या एकीने वात सांगितला, दुसरीने यूरिक ॲसिड. तपासणीत यूरिक ॲसिड जरासं वर निघालं, तर मी दोन महिने डाळ आणि टोमॅटो बंद केले. टाचेला त्याचा पत्ताही नव्हता. यूरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार, गाऊट, बहुतेक वेळा आधी पायाचा अंगठा पकडतो, तोही लाल होऊन, सुजून. पहिल्या पावलाला टोचून नंतर मोकळं होणारं दुखणं सहसा त्याचं नसतं.

एक्स-रे काढला आणि ते सुप्रसिद्ध वाक्य ऐकलं, ‘टाचेचं हाड वाढलंय.’ फोटोत दिसणारा तो छोटा काटा पाहून मला वाटलं, झालं, आता हा काटाच आतून टोचतोय, कापून काढल्याशिवाय सुटका नाही. हा समज इतका पक्का आहे की अर्धी मुंबई टाचेचं हाड वाढलंय म्हणून मऊ चपला शोधत फिरते. प्रत्यक्षात टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही असा काटा सापडतो. माझ्याच दुसऱ्या टाचेला तो आहे, आणि ती आजवर एकदाही दुखलेली नाही. माझी टाच बरी झाली तेव्हा काटा कुठे गेला नव्हता.

दुसऱ्या खेपेला इंजेक्शन घेतलं, स्टेरॉइडचं. टोचताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण आठवड्याभरात टाच गप्प. मी पेढे वाटायच्या बेतात होते. अडीच महिन्यांनी मूळ पदावर. त्याचा गुण खरा असतो, पण थोड्या आठवड्यांचा. शिवाय वारंवार घेतलं तर तळव्याची पट्टी तुटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, हे मला टोचून झाल्यावर कळलं. ज्यांनी दिलं त्यांनी ते आधी सांगायला हवं होतं. पण मीही विचारलं नव्हतं.

टाचेत नेमकं होतं काय

टाचेच्या हाडापासून निघून पायाच्या पाचही बोटांच्या मुळापर्यंत जाणारी एक जाड, चिवट पट्टी तळव्यात असते. ती प्लांटार फॅशिया. पायाची कमान ती ताणून धरते. पाऊल पुढे टाकताना टाच उचलते आणि अंगठा मागे वाकतो, तेव्हा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तशी ही पट्टी अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढली जाते, कमान उचलली जाते आणि सगळं पाऊल घट्ट होतं. हिक्स नावाच्या संशोधकाने हे १९५४ साली मांडलं आणि त्याला नावही दोर गुंडाळायच्या यंत्राचंच दिलं. हा रहाट लक्षात ठेवा, पुढच्या व्यायामाचं सगळं गणित त्यावर आहे.

रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं. पट्टी आणि पोटरी सात तास आखडून राहतात. सकाळी त्यावर एकदम अख्ख्या शरीराचं वजन पडतं आणि पट्टी टाचेला जिथे चिकटली आहे तिथे ओढ बसते. ते दाभण म्हणजे ही ओढ.

नावात ‘आयटिस’ आहे, म्हणजे सूज. पण २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा पन्नास पट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा सूज फारशी दिसलीच नाही. दिसली ती झीज. धागे विस्कटलेले, सुतळी वापरून वापरून उसवावी तसे. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. मी तीन वर्षं सूज उतरवत होते. गोळ्या, बर्फ, इंजेक्शन, सगळं सुजेसाठी. सुतळी पुन्हा वळून घ्यायला हवी होती, ते कुणीच करत नव्हतं.

परत का येतं, हे कॅलेंडरने सांगितलं

चौथ्या खेपेला फिजिओथेरपिस्टकडे गेले. पंचविशीतली मुलगी, मला बिनदिक्कत ‘काकू’ म्हणाली. पाय बघायच्या आधी तिने विचारलं, ‘काकू, प्रत्येक वेळी दुखायला कधी लागलं, महिना आठवतो?’

घरी जाऊन जुनी कॅलेंडरं काढली. आमच्याकडे कालनिर्णयाच्या चौकोनात दूध, गॅस, डॉक्टर सगळं लिहिलेलं असतं, त्यामुळे तारखा सापडल्या. पहिलं दुखणं ऑक्टोबर २०२१. दुसरं जून २०२२. तिसरं सप्टेंबर २०२३. चौथं पुन्हा जून, २०२४.

मला वाटलं, पावसाळा. ओल, वात, स्टाफरूममधल्या त्या बाईंचं बरोबर होतं. फिजिओने नकारार्थी मान हलवली आणि विचारलं, ‘त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत काय करत होतात?’

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईतले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. त्याआधी दीड वर्ष मी खुर्चीत बसून मोबाइलवर शिकवत होते आणि एका सोमवारपासून रोज सहा तास फळ्यासमोर उभी. दोन्ही जून म्हणजे मे महिन्याची सुट्टी संपल्यावरचा पंधरवडा. सप्टेंबर २०२३ म्हणजे गणपती. चार दिवस ओट्याशी अनवाणी, मग एक रात्र लालबागच्या रांगेत.

पाऊस नव्हे, वात नव्हे. आधी बरेच दिवस पायाला तेवढं काम नाही आणि मग एकदम कितीतरी जास्त काम, तेही कडक फरशीवर, अनवाणी किंवा सपाट चपलेत. चारही वेळा हेच. पट्टीला ज्या भाराची सवय राहिलेली नव्हती तो भार तिच्यावर एका दिवसात पडला. आणि दर वेळी दुखणं थांबलं की मी पायाकडे लक्ष देणंच सोडत होते, म्हणजे पुढच्या जूनसाठी तिला पुन्हा कच्चीच ठेवत होते.

तुमच्या तारखा वेगळ्या असतील. ऑफिस बदललं आणि आता स्टेशनपासून वीस मिनिटं चालावं लागतं. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात एकदम धावायला सुरुवात केली. मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जायचा नवस केला. लिफ्ट दोन महिने बंद. वर्षभरात वजन वाढलं, हाही भारच आहे आणि तो चोवीस तासांचा आहे. दुखणं सुरू झालं त्या तारखेच्या आधीचे सहा-आठ आठवडे नीट आठवा. कारण सहसा तिथेच सापडतं.

पण आधी खात्री करा

प्रत्येक टाचदुखी हीच नसते. टाचेच्या मागच्या बाजूला, बूट घासतो तिथे दुखत असेल तर तो बहुधा पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीचा, ॲकिलिस टेंडनचा, प्रश्न आहे. टाचेच्या बरोबर मध्यभागी, खड्यावर उभं राहिल्यासारखं दुखत असेल आणि चालून कमी होण्याऐवजी वाढत असेल तर खालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. तिथे ताण देण्याच्या व्यायामापेक्षा गादीच लागते. आग, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबली असेल. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर कळ आली, रात्री झोपेतही ठणकलं, तर हाडाला बारीक चीर नाही ना हे आधी बघून घ्यायला हवं. चालताना ‘कट्’ आवाज होऊन तळवा काळानिळा झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आठ ते चौदा वर्षांच्या, मैदानावर खूप खेळणाऱ्या मुलांची टाच दुखते ती वाढत्या हाडामुळे, ते प्रकरण पूर्ण वेगळं.

एक मुद्दाम वेगळं सांगते. आमच्या एका सहकारी बाईंचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, दोन्ही टाचा दुखतात म्हणून वर्षभर सिलिकॉनच्या गाद्या बदलत होता. त्याची कंबरही सकाळी तासभर आखडलेली असायची, पण टाच आणि कंबर यांचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी ओळखलं, कण्याचा संधिवात होता. तरुण वय, दोन्ही टाचा, सकाळची अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली कंबर, हे तीन एकत्र असतील तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

मी आता काय करते

डोळे उघडल्यावर पाय खाली ठेवायच्या आधी पलंगावरच. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकायचा, पाचही बोटं हाताने धरून नडगीच्या दिशेने ओढायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपायचा, पट्टी तारेसारखी ताठ लागली पाहिजे. मनात दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसात तीनदा, आणि बराच वेळ बसून उठण्याआधीही. २००३ मध्ये याच ताणाची नुसत्या पोटरीच्या ताणाशी तुलना झाली होती आणि आठ आठवड्यांनी हा ताण देणारे पुढे होते. दोन-तीन मिनिटं जातात. मी स्टाफरूममध्ये टेबलाखाली चप्पल काढून करते, कुणाला कळत नाही.

ताणाने सकाळ सुसह्य होते. दुखणं परत येऊ नये म्हणून मात्र पट्टी बळकट करावी लागते, आणि ते काम जड आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, टाचा हवेत. बोटांखाली नॅपकिनची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि आपला तो रहाट फिरतो. गुंडाळीशिवाय हा फक्त पोटरीचा व्यायाम होतो. तीन मोजत वर, दोन मोजत तिथेच, तीन मोजत खाली. पहिले दोन आठवडे मी दोन्ही पायांवर केलं, कठडा धरून. एका पायावर जमतच नव्हतं. मग एका पायावर, बारा वेळा, तीन फेऱ्या. ते सोपं वाटायला लागल्यावर पाठीवर पिशवी आणि पिशवीत वह्या. नववी ‘ब’च्या निबंधाच्या वह्यांचा असा उपयोग मी आधी कधी केला नव्हता. वजन वाढलं की संख्या कमी, फेऱ्या जास्त: दहाच्या चार, नंतर आठच्या पाच. हे एक दिवसाआड, रोज नाही. सुतळीला वळ बसायला मधला दिवस लागतो. शेजारच्या आजोबांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, ‘बाई, लिफ्टची वाट बघताय का?’

ही पद्धत डेन्मार्कच्या एका अभ्यासातली आहे, त्यात ४८ जण होते. तीन महिन्यांनी वजन उचलणारे नुसता ताण देणाऱ्यांच्या बरेच पुढे होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले, हेही सांगायला हवं. मला ती भावली कारण मला घाई होती आणि माझा पाय जूनमध्ये दोनदा नापास झाला होता.

व्यायामात थोडं दुखलं तर थांबायचं नाही. दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं. निकाल लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिल्या पावलाला किती दुखलं त्याचे दहापैकी गुण मी कॅलेंडरच्या चौकोनात मांडते. कालच्यापेक्षा वाढले तर पुढच्या वेळी वजन कमी. तेवढेच राहिले तर तसंच चालू. पहिल्या महिन्यात सात, सहा, सात, सात असे गुण होते आणि मी वैतागले होते. सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा चार आले. दहापैकी आठ-नऊ जणांचं हे दुखणं शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही.

बाकीचे उपाय थोडक्यात. बाटलीत पाणी गोठवून तळव्याखाली फिरवणं, संध्याकाळी छान वाटतं, बरं करत नाही. चिकटपट्टी फिजिओने पहिल्या आठवड्यात बांधून दिली, त्या आठवड्यापुरता मोठा आधार. रात्री पाऊल काटकोनात धरणारा पट्टा काहींना मानवतो, मला डोंबिवलीच्या उकाड्यात तीन रात्रीही झेपला नाही. सहा महिने सगळं नीट करूनही हललं नाही तर शॉकवेव्हचा (यंत्राने टाचेवर लहरींचे ठोके देण्याच्या उपचाराचा) विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण पट्टी सोडवली की कमान खचू शकते.

चपलांचं काय

इथे मुंबईची खरी पंचाईत आहे. आपण दारात चपला काढतो आणि आत टाइल्सवर अनवाणी. ओट्यापाशी दोन तास उभं राहणं हा टाचेसाठी तेवढाच वेळ शिकवण्याहून वाईट भार आहे, कारण शिकवताना मी निदान फिरते. घरात घालायला वेगळा जोड आणला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘स्वयंपाकघरात चपला? देवघर समोर आहे.’ तडजोड अशी झाली की तो जोड कधीच बाहेर जात नाही आणि देवापुढे उतरवला जातो.

पावसाळ्यात सगळ्यांच्या पायात रबरी सपाट चपला येतात. मागे पट्टा नाही, म्हणून ती पायात राहावी यासाठी बोटं सतत आवळली जातात. टाचेला उंची नाही, म्हणून पोटरी ओढलेली. त्याच चपलेत दादरचा पूल चढायचा. आता मी मागे पट्टा असलेल्या पावसाळी सँडल घेते. दुकानात तळ दोन्ही हातांनी वाकवून बघते: चवड्याशी वाकला पाहिजे, मध्यभागी घडी पडता कामा नये. ओलं फडकं पिळल्यासारखा पिळला गेला तर तोही नको. टाच एखाद-दोन सेंटिमीटर उंच हवी. नुसता मऊ तळ आणि आधार देणारा तळ यांत फरक आहे, बोट रुतेल इतकी मऊ चप्पल मला तरी महागात पडली. कोरडा जोड शाळेच्या कपाटात असतो. कोल्हापुरी लग्नापुरती.

२०२५ चा हिशोब

२०२५ च्या मे महिन्यात पहिल्यांदाच सुट्टी घेतली नाही, म्हणजे टाचेला दिली नाही. पायरीचा व्यायाम एक दिवसाआड चालू ठेवला आणि शाळा उघडायच्या आधीचे तीन आठवडे रोज थोडं थोडं जास्त उभी राहिले, चालले. आधी वीस मिनिटं, मग चाळीस, शेवटी फडके रोडपर्यंत जाऊन-येऊन. जून कोरडा गेला. पाऊस पडला, पण कॅलेंडरच्या चौकोनात एक आणि दोनच्या वर आकडा नाही.

गणपतीत मात्र गौरी जेवणाच्या दिवशी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ओट्याशी होते, आणि घरातला जोड देवापुढे उतरवला तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच. पूर्वी मी घाबरून सगळं थांबवलं असतं आणि गोळी घेतली असती. या वेळी पलंगावरचा ताण तीनदाऐवजी पाचदा केला, पायरीवर एका पायाऐवजी पुन्हा दोन्ही पायांवर आले, वह्यांची पिशवी बाजूला ठेवली. चार दिवसांनी आकडा दोनवर आला. पिशवी परत खांद्यावर घेतली ती त्यानंतरच्या सोमवारी, निम्म्या वह्यांची.